बिनफटीची होडी

"जरा बसून बघता का?"

मिरजोळ्याच्या आमच्या शेडमध्ये त्या काळात कुणीही आलं, की हा प्रश्न त्याला ऐकावाच लागायचा. मीटर बघायला आलेला वीजमंडळाचा माणूस असो, रेझिनचे डबे उतरवणारा टेम्पोवाला असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेले मंडळाचे कार्यकर्ते असोत. शेडच्या मधोमध कोरड्या सिमेंटवर एक राखाडी रबरी होडी फुगवून ठेवलेली असायची आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सर बसलेले असायचे. आलेला माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी मान फिरवायचे. मग तो बिचारा देवळात शिरावं तशा चपला काढायचा आणि होडीत पाय टाकायचा.

"मध्ये नको, काठावर पाय द्या. हं, आता सगळं वजन टाका. डगमगलं का? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

सर त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पावलांकडे.

"पण सर, आपण जायचंय कुठं?" वीजमंडळाच्या माणसाने एकदा विचारलं.

"तुम्हाला कुठंच नाही," सर म्हणाले. "उतरताना सावकाश."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. कामात अडथळा आणतो, जागा अडवतो, आणि एखाद्या दिवशी आला नाही तर आपण चार वेळा फाटकाकडे बघतो. सर त्यातले होते. सर म्हणजे भूगोलाचे सर. रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी समुद्राचे प्रवाह आणि खारे-मतलई वारे शिकवले असतील. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, पण सगळे सर म्हणत म्हणून मीही म्हणायचे. माझा धंदा फायबरचा. टाक्या, दरवाजे, मच्छीमारांच्या होड्यांना लेप, असली कामं. नवरा गल्फला गेला आणि धंदा माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून माझी जीभ तिखट झाली असं लोक म्हणतात, पण ती आधीपासूनच होती.

निवृत्त झाल्यावर सरांनी गोव्याकडून एक जुनी शिडाची बोट आणली. लहानच, पण आत दोघांना झोपायला फळ्या, एक स्टोव्ह, दोन गोल खिडक्या, असं सगळं होतं. ट्रकवरून ती शेडच्या दारात उतरली, तेव्हा तिच्या अंगाला इतक्या भेगा होत्या, की मी तोंडावर म्हटलं, "सर, ही बोट आहे की पापड?" सर हसले. भेगा बुजवायला आम्हाला बरेच महिने लागले. सर रोज यायचे, घासकागद घेऊन एका कोपऱ्यात बसायचे. मी घाई करायला लागले, की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "घाई कुणाला आहे?" मला असायची, पण ते विचारात घेण्याची त्यांची पद्धत नव्हती.

शेवटी बोट भाट्याच्या खाडीत नांगरली. काठाजवळ ठेवता येईना, कारण सुकती लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं, की काठाला नुसता चिखल उरतो. म्हणून ती मधल्या खोल पाण्यात. आता तिच्यापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न आला. मला यात प्रश्न दिसेना. खाडीवर होड्या काय कमी आहेत? एखादी जुनी लाकडी होडी घ्या, वल्ही मारा, जा.

"लाकडी होडी कडक असते," सर म्हणाले.

"मग? होडी मऊ असते का कुठं?"

"तेच बघतोय," सर म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात पहिली रबरी होडी शेडमध्ये येऊन दाखल झाली.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. दुपारी सरांचा डबा घेऊन त्या रिक्षाने यायच्या. नाकात चमकी, पायात जाड तळाच्या चपला, कारण गुडघे दुखायचे. एका दुपारी सर कुठे बाहेर गेले होते, म्हणून त्या माझ्याजवळ बसल्या. फुगलेल्या होडीकडे बघत म्हणाल्या, "माझ्यापायी चाललंय गो हे सगळं."

काकूंचे वडील मुंबईला नोकरीला. त्या लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं कुटुंब बोटीने गावी यायचं. तेव्हा रस्ता धड नव्हता, रेल्वे तर नव्हतीच. बोट काठाला लागायची नाही. ती बाहेर समुद्रातच उभी राहायची आणि गावातून मोठे पडाव तिला येऊन भिडायचे. माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं बोटीतून पडावात उतरवायचे. लाट आली की पडाव वर यायचा, गेली की खाली जायचा, आणि बोट आणि पडाव यांच्या मध्ये एक फट उघडायची आणि मिटायची. खलाशी मुलांना मनगटाला धरून सरळ फेकायचे आणि खालचे झेलायचे.

"मला धरलं नि तेवढ्यात पडाव खाली गेला," काकू म्हणाल्या. "मी मनगटाला लोंबकळत. खाली बघितलं तर काळं पाणी, नि ती फट मिटत येतेय. माझी एक चप्पल पडली त्यात. बास. झालं काही नाही, दुसऱ्या क्षणी पडावात होते. आईनं तर बघितलंसुद्धा नाही, ती ट्रंका मोजत होती."

त्यानंतर काकू कधी बोटीत चढल्या नाहीत. खाडी ओलांडणारी पाच मिनिटांची होडी असली, तरी त्या रस्त्याने वळसा घालून जाणार. "बोटीला मी घाबरत नाही हो," त्या म्हणाल्या. त्या कधी मला 'गो' म्हणत, कधी एकदम 'हो'. "पाण्यालाही नाही. त्या फटीला घाबरते. आणि ह्यांना एकच वेड, मला बोटीनं माहेरी न्यायचं. समुद्रातून आमचं गाव कसं दिसायचं, ते मीच सांगितलं होतं लग्न झाल्यावर. देऊळ आधी दिसायचं, मग माडांची रांग. तेव्हापासून डोक्यात बसलंय. म्हणाले, तुझ्यासाठी बिनफटीची होडी शोधतो."

त्या दिवसानंतर मी मान फिरवणं सोडलं. कुणी आलं, की मीच म्हणायला लागले, बसा हो जरा.

होडी निवडायची म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा बघितलं. पहिलीचा तळ फळ्याफळ्यांचा होता. दोन फळ्यांच्या मध्ये टाच रुतायची. काकूंनी खाली बघितलं तर तिथंही फटच. ती परत गेली. दुसरीचा तळ सलग, कडक, उत्तम. पण ती इतकी जड, की ओहोटीच्या वेळी चिखलातून ओढून बघितली तेव्हा सर आणि मी दोघंही गुडघ्यापर्यंत रुतलो. होडी जागची हलली नाही आणि काठावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. तीही परत गेली. तिसरीचा तळही हवेचाच, पण पंपाने भरत गेलं की फळीसारखा टणक व्हायचा. कडेचे फुगे चांगले जाड, दिवाणावर टेकावं तसं टेकता येईल इतके. ही बोटीच्या अंगाला लावली की फुगा दबतो आणि चिकटून बसतो. मध्ये करंगळी घालायलाही जागा उरत नाही. सरांनी माझ्या शेडच्या पत्र्याच्या भिंतीला ती टेकवून मला हे इतक्या वेळा दाखवलं, की शेवटी मी म्हटलं, "सर, पटलं. आता भिंत सोडा."

मग होडीच्या कापडाचा प्रश्न. दोन तऱ्हेच्या कापडांचे तुकडे त्यांनी मागवून घेतले आणि आख्खा एप्रिल-मे माझ्या पत्र्यावर वाळत घातले. आमच्याकडचं त्या दिवसांतलं ऊन तुम्हाला माहीत आहे. एका तुकड्याचा सांधा सुटला, तो चिकट झाला आणि कावळ्याने नेला. दुसरा टिकला. "कावळ्याला स्वस्तातलं आवडलं," सर म्हणाले.

इंजिनाची गोष्ट त्याहून मोठी. खाडीकाठचे हसनचाचा जुने तांडेल, स्वतःच्या दोन होड्या बाळगून असलेले. ते सरांच्या बोटीवर लक्षही ठेवायचे. त्यांनी सल्ला दिला, "सर, चांगलं दमदार इंजिन लावा मागं. उडत जाल."

"उडायचंय कुणाला, चाचा? बोलत बोलत जायचंय."

"आणि ह्या फुग्याला कालवं लागली म्हंजे? खडकावर काय कमी कालवं हायत? ब्लेडासारखी कापतील."

"खडकाकडे जाणारच नाही."

"खडक तुमच्याकडं येतो, सर. वाईच सांभाळून."

पेट्रोलचा वास काकूंना सहन व्हायचा नाही. एसटीतही त्या लिंबू नाकाशी धरून बसायच्या. आणि आवाज फार असेल तर घाबरलेल्या माणसाला धीर कसा देणार? म्हणून सरांनी परीक्षेची एक रीत काढली. प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरायचं, पिंपाच्या काठाला इंजिन अडकवायचं, सुरू करायचं, आणि सरांनी शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात माझ्याशी काहीतरी बोलायचं. मी "काय?" म्हटलं, की इंजिन नापास. दोन पेट्रोलची इंजिनं अशी नापास झाली. एकाच्या वेळी तर मी सगळं ऐकू आलं असूनही वैतागून "काय?" म्हटलं होतं, कारण पिंपातलं पाणी माझ्या कॅटलॉगवर उडत होतं. शेवटी बॅटरीवर चालणारं एक छोटं इंजिन आलं. ते सुरू आहे की बंद, हे बघायला पाण्यात वाकावं लागायचं. सर म्हणाले, "आमच्या गावात यायला माडांच्या रांगेच्या डाव्या अंगाने यावं लागतं." मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. 'आमच्या गावात' म्हणजे काकूंच्या माहेरी, हेही कळलं. सर त्या गावाला समुद्राकडून कधीच गेले नव्हते.

होडी आली, इंजिन आलं, आणि मग आला दसरा. आदल्या दिवशी शेडमध्ये आम्ही सगळी यंत्रं पुसून ओळीने ठेवतो, झेंडूच्या माळा घालतो, पूजा करतो. कॉम्प्रेसर, ग्राइंडर, ड्रिल, आणि त्या वर्षी ओळीच्या शेवटी ती राखाडी होडी. पूजेला काकूंना बोलावलं होतं. त्यांनी होडीला हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि आपल्याकडे करतात तसं केळ्यात उदबत्ती खोचून ते केळं होडीच्या काठावर ठेवलं. मग नारळ कुठे फोडायचा यावर चर्चा सुरू झाली. होडीवर तर फोडता येणार नाही, इंजिनावर तर मुळीच नाही. एवढा वेळ आम्ही त्यात घालवला, की केळं गोल फुग्यावरून कधी कलंडलं ते कुणी बघितलंच नाही.

आधी "सुस्स" असा आवाज आला. मला वाटलं कॉम्प्रेसर. मग होडीची डावी बाजू हळूहळू खाली बसायला लागली आणि झेंडूची माळ घसरून जमिनीवर आली.

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याच हातानं." अपशकुन हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण शेडमध्ये सगळ्यांच्या मनात तोच होता. माझ्याही होता, उगाच कशाला लपवू?

सर मात्र खुर्चीतून उठले ते जवळजवळ खूश होऊन. "बरं झालं! हे मला दाखवायचंच होतं, पण नवीन होडीला भोक पाडायला हात धजत नव्हता." आणि त्यांनी काकूंचा हात धरला. "बस आत."

"ह्यात? फुटलीये ना ती!"

"फुटलेलीच बघायची. बस."

काकू बसल्या. डावी बाजू लोळागोळा, पण उजवी, पुढची आणि तळ तसेच टणक. आत वेगवेगळे कप्पे असतात, एक गेला तर बाकीचे धरून ठेवतात, असं सर समजावत होते, वर्गात शिकवावं तसं. काकू ऐकत नव्हत्या. त्या तळहाताने टणक बाजू दाबून बघत होत्या, पुन्हा पुन्हा, पीठ मळून झाल्यावर बघतो तशा.

मग त्याच म्हणाल्या, "ठिगळ मी लावणार. भोक मी पाडलंय."

माझ्या कारागिराने कापड दिलं, सोल्यूशन दिलं. काकूंनी नैवेद्याची वाटी उपडी ठेवून गोल आखून घेतलं, कात्रीने कापलं, सायकलच्या ट्यूबला लावतात तसं दोन्हीकडे सोल्यूशन लावून वाळू दिलं आणि पदर खोचून असं दाबलं, की माझा कारागीर म्हणाला, "काकू, कामाला येता का आमच्याकडं?" दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, होडी पुन्हा फुगवली. हवा गेली नाही.

त्यानंतरची सकाळ मी विसरणार नाही. पाऊस जाऊन खाडी निवळली होती. भरती पुरी भरलेली, वारा नाही, पाण्यावर धुक्याचा एक पातळ थर, आणि पलीकडचा पूल अर्धाच दिसत होता. काकू होडीत बसल्या. मी सोबतीला. सरांनी इंजिन सुरू केलं आणि आम्ही निघालो, म्हणजे निघालो असं वाटलंच नाही, काठ आपणहून मागे गेला. बोलत बोलत जाण्यासाठी घेतलेलं ते इंजिन आणि तिघंही गप्प. एक बगळा आमच्याकडे बघत उभा होता, तो उडालासुद्धा नाही.

बोटीजवळ गेल्यावर होडी तिच्या अंगाला अलगद लागली. फुगा दबला आणि चिकटला. खरोखरच फट नव्हती. काकूंनी बोटीच्या कडेवर हात ठेवला आणि ठेवूनच बसल्या. सरांनी "चढ" म्हटलं नाही. मी म्हणणार होते, सरांनी माझ्याकडे बघितलं, मी गिळून टाकलं.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "उद्या."

"उद्या," सर म्हणाले. "घाई कुणाला आहे?"

तो उद्या आलाच नाही. म्हणजे रोज यायचा. त्या थंडीत आणि पुढच्याही थंडीत, भरती सकाळची असली की दोघं होडीतून निघायची, बोटीला चिकटून बसायची, थर्मासमधला चहा प्यायची आणि परतायची. मी कामाला जाताना पुलावरून दिसायची. एवढ्या मोठ्या खाडीत एक बोट आणि तिच्या कुशीत एक ठिपका. कधी सर हात करून काहीतरी दाखवत असायचे, बहुधा वाऱ्याची दिशा. कधी काकू मान मागे टाकून हसत असायच्या.

सर एकट्याने बोट घेऊन सहज जाऊ शकले असते. हसनचाचा तर त्यांना दर वेळी म्हणायचे, "सर, वारा हाय, निघा की! मी येतो संगती." पण सर शीड वाळवायला वर करायचे, नांगरावरच, आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. "तिच्याशिवाय नाही," म्हणायचे. मला काकूंचा राग यायचा. खरंच यायचा. एवढा माणूस तुमच्यासाठी पत्र्यावर चिंध्या वाळवतो, चिखलात रुततो, आणि तुम्हाला एक पाऊल उचलवत नाही? एकदा मी सरांना हे बोललेही. सर म्हणाले, "तू कधी खाडीत बसून सकाळचा चहा प्यायली आहेस का?" मी म्हटलं, मला उद्योग आहेत. सर म्हणाले, "तेही खरंच."

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. बोट तेव्हा दर पावसाळ्यासारखी माझ्याच शेडमध्ये होती, ताडपत्रीखाली. थोडे दिवस आजारी होते, दवाखान्यात होते, आणि गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या, रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझी जागा अडलीये ना गो? बोट विकायला काढायची का?" मी मानेनेच नको म्हटलं. घरी येऊन मात्र मी खूप रडले. नवऱ्याला फोनवर काय सांगावं ते कळेना. एक गिऱ्हाईक गेलं, एवढंच सांगितलं.

पाऊस संपला. मी बोटीचा विषय काढला नाही, काकूंनीही नाही. मग एक दिवस त्या रिक्षाने शेडवर आल्या. डबा नव्हता. म्हणाल्या, "पाण्यात घाल ती."

बोट पाण्यात गेली, आपल्या जागी नांगरली, आणि दुसऱ्या सकाळी काकू मला घेऊन भाट्याला आल्या. होडी मी चालवली. धुकं होतं, पाणी जवळजवळ भरलं होतं. काकू पुढे बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. बोटीजवळ आल्यावर मी होडी लावली, पण माझा हात काही सरांसारखा नाही, नीट लागली नाही. होडी आणि बोट यांच्यामध्ये हातभर पाणी राहिलं. मी घाईने दोर ओढायला लागले.

तेवढ्यात काकू उठल्या, त्या हातभर पाण्यावरून पाय टाकला आणि बोटीवर चढल्या. न थांबता, न खाली बघता, स्वयंपाकघरातून पडवीत जावं तशा.

मी दोर हातात धरून तशीच राहिले.

काकू मागच्या फळीवर बसल्या. श्वास लागला होता, गुडघ्यावर हात होते. "बघू नकोस अशी," त्या म्हणाल्या. "भीती पहिल्या थंडीतच गेली होती माझी. कधीही चढले असते."

"मग काकू—"

"मग काय? लग्न झाल्यापासून हा माणूस वर्गात, नाहीतर नकाशात, नाहीतर तुझ्या शेडमध्ये. आणि इथं रोज सकाळी माझ्याकडं तोंड करून बसायचा. माझ्यासाठी थांबायचा. मला वाटलं, चढले की शीड वर जाणार, मग त्यांचं लक्ष वाऱ्याकडं. म्हटलं, एक थंडी अजून. मग म्हटलं, आणखी एक." त्यांनी गुंडाळलेल्या शिडाच्या कापडावरून हात फिरवला. "जायचं राहिलं त्यांचं. माझ्यामुळं राहिलं."

पाणी होडीला हळूहळू बोटीकडे लोटत होतं.

"त्यांना कळलं असेल का गो?" काकूंनी विचारलं. "मी मुद्दाम बसून राहते ते?"

"हो," मी म्हणाले.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. बाई भूगोलाच्या सरांबरोबर जन्म काढलेली होती, तिला फसवणं सोपं नव्हतं.

"खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण परत बोल."

मी परत म्हणाले.